पाचवं कारण

गेल्या जानेवारीत आक्काला काशीला नेऊन आणलं. तिला एकोणऐंशी पूर्ण, मला चौऱ्याहत्तर. विमानात बसायची तिची ही पहिलीच खेप. जाताना ती इतकी बावरली होती की कधी पोचलो ते तिला कळलंच नाही. परतताना मात्र सरावल्यासारखी पट्टा बांधून, गंगेचा गडू सामानात नीट गेला ना याची दोनदा चौकशी करून खिडकीशी बसली. थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितलं की समोरून जोराचा वारा आहे, त्यामुळे मुंबईला पोचायला वेळ लागेल. जाताना लागला त्याच्यापेक्षा अर्धा तास तरी जास्त, हे मी मनात मांडलं.

आक्काने खिडकीच्या काचेला तळहात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळली.

"कुठाय रे वारा? मला तर कणभर जाणवत नाही."

"विमान बंद आहे ना, आक्का."

"ते कळतं मला. एसटीच्या काचा लावल्या तरी वारा सुटला की गाडी हलते. इथे चहासुद्धा हिंदकळत नाहीये. आणि तो म्हणतो जोराचा वारा."

अडतीस वर्षं मी वारा मोजायची नोकरी केली. इतका मुद्द्याचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

हवामान खात्यात मी १९७३ साली निरीक्षक म्हणून लागलो. पुण्यात शिवाजीनगरला खात्याची जी जुनी इमारत आहे तिला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं. तिथल्या जिन्यावर नव्या चपला करकरत चढताना आपण फार मोठं काही मिळवलंय असं मला वाटलं होतं. पहिली नेमणूक कोकण किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेत झाली. काम काय, तर रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा, आभाळ पाहून फुग्याचा रंग निवडायचा, सोडून द्यायचा आणि थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा. दर मिनिटाला दोन कोन: उत्तरेपासून किती फिरला, क्षितिजापासून किती वर. किती वायू भरलाय त्यावरून फुगा मिनिटाला किती मीटर चढणार ते ठरलेलं असतं. म्हणून त्या दोन कोनांतून कोणत्या उंचीवर कोणत्या दिशेचा आणि किती वेगाचा वारा आहे ते काढता येतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. मान अवघडायची.

म्हणजे नीट पाहिलं तर मी वारा उभ्या जन्मात एकदाही पाहिला नाही. पाहिला तो फुगा. आमचे अण्णा कीर्तनकार होते आणि तैत्तिरीय उपनिषदाचा शांतिमंत्र त्यांच्या रोजच्या म्हणण्यात असे. त्यात वायूला नमस्कार करून तूच प्रत्यक्ष ब्रह्म आहेस असं म्हटलेलं आहे. मी नोकरीत नवा होतो, हुशारी दाखवायची खुमखुमी होती. म्हटलं, "अण्णा, सूर्य दिसतो, अग्नी दिसतो, ते सोडून जो दिसतच नाही त्याला प्रत्यक्ष का म्हणतात?" अण्णा म्हणाले, "नाकपुड्या चिमटीत धर, आणि तो अप्रत्यक्ष आहे असं वाटेल तेव्हा सोड." मी सोडल्या. तेवढ्यावर वाद मिटला. पण अण्णांचं उत्तर श्वासापुरतं बरोबर होतं. आक्काने विमानात विचारलेल्या प्रश्नाला ते पुरत नाही.

जानेवारीतल्या सकाळी आमचा फुगा हमखास समुद्राकडे जायचा. रात्रभर जमीन गार झालेली, मतलई वारा सुटलेला, तो फुग्याला घेऊन होड्यांच्या वर जायचा. बरंच चढल्यावर एका उंचीवर तो घुटमळायचा, आणि मग वळून सावकाश परत यायचा, आमच्या डोक्यावरून सह्याद्रीकडे निघून जायचा. वर पश्चिमेचा वारा असायचा. खाली उभ्या माणसाला हे काहीच कळत नसे. त्याच्या गालाला जो लागला तो वारा.

एक बारीक गोष्ट सांगतो. वाऱ्याचं नाव तो कुठून येतो त्यावरून पडतं. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला. नदी समुद्राला मिळते असं आपण तिच्या जाण्यावरून म्हणतो, वाऱ्याला मात्र त्याच्या येण्यावरून ओळखतो. नोंदवहीत २७० लिहिताना मला पुष्कळदा प्रारब्ध हा शब्द आठवे. प्रारब्ध म्हणजे जे आधीच सुरू झालेलं आहे ते. शंकराचार्य त्याला सुटलेल्या बाणाची उपमा देतात: धनुष्यातून गेला की वेग संपेपर्यंत तो जाणारच. तिथेही नाव उगमावरून आहे. कुठे नेणार हे त्या शब्दात नाही.

आता आक्काचा प्रश्न. विमान जमिनीवर असतं तोवर ते गाडी असतं. वारा त्याला ढकलतो, हलवतो, चाकांना ते सोसावं लागतं. जमीन सुटली की ते हवेत पोहायला लागतं, आणि ती हवाच जर अख्खी पूर्वेकडे सरकत असेल तर विमान तिच्याबरोबर सरकतं. वाहत्या नदीत सोडलेल्या होडीला नदीचा धक्का बसत नाही, होडी नदीचीच होते. काठावरच्या झाडाकडे पाहिलं तरच आपण किती वाहून गेलो ते कळतं. वैमानिकाच्या यंत्रावर दोन वेग असतात: हवेतून जाण्याचा आणि जमिनीवरून जाण्याचा. इंजिनाची मेहनत पहिल्यात दिसते. पोचणं दुसऱ्यावर ठरतं. दोन्हींतला फरक म्हणजे वारा.

वारा तिरका असला तर विमानाचं नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे असते. खेकड्यासारखं. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा प्रवाह असतो, शंभर नॉट त्याला सहज. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आपले पावणेदोन किलोमीटर आणि वर थोडं. मुंबईहून काशीला जाताना हा वारा डावीकडून आणि मागून येतो, म्हणून नाक सात-आठ अंश डावीकडे धरावं लागतं. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर ती रेघ अयोध्येच्या आसपास जाते. "म्हणजे आपण अयोध्येकडे तोंड करून काशीला पोचलो," असं मी आक्काला सांगितलं तेव्हा तिने हात जोडले. कोणाला जोडले ते विचारलं नाही.

आमच्यात जुने सहकारी रात्रीच्या फुग्याची गोष्ट सांगायचे. रात्री फुगा दिसत नाही, म्हणून दोरीने खूप खाली एक कागदी कंदील बांधायचा, आत मेणबत्ती. सोडायच्या आधी, तो कंदील हातात असताना, वारा असला की ज्योत जीव खाऊन फडफडायची. कोणीतरी अंगाचा आडोसा करायचा. हात सोडला की काही क्षणांत ती शांत व्हायची. वारा तोच, कदाचित वर गेल्यावर आणखी जोराचा. पण आता ज्योत वाऱ्याबरोबर निघालेली. कंदिलाचा कागद लागायचा तो फुगा वर चढत असतो त्याच्या झुळुकीपुरता. आडव्या वाऱ्यासाठी नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वाऱ्यात मेणबत्ती स्वयंपाकघरातल्यासारखी जळते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती.

अण्णांच्या पूर्वरंगात दैव की पुरुषार्थ हा विषय वर्षातून दोनदा तरी यायचा. दृष्टान्त ठरलेले. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना हेच विचारतो, आणि उत्तर येतं की पुरुषार्थ हे शेत आणि दैव हे बी. शेताशिवाय बी वाया. योगवासिष्ठात दोन एडक्यांची टक्कर: मागचा प्रयत्न आणि आताचा प्रयत्न, जो दांडगा तो जिंकेल, दैव म्हणून तिसरं कोणी नाहीच. स्मृतीत रथ: एका चाकावर चालत नाही. श्रोत्यांना एडके आवडायचे, अण्णा डोकं खाली घालून टक्कर करून दाखवायचे. मला लहानपणी ते तिन्ही पटायचे. वारा मोजायला लागल्यावर तिन्हींत एक खोट दिसायला लागली. शेत आणि बी दोन्ही हातात घेता येतात. दोन्ही एडके समोर दिसतात. रथाची दोन्ही चाकं रस्त्यावरून मोजता येतात. यांतलं एकही असं नाही की जे तुम्हाला घेऊन चाललंय आणि म्हणूनच तुम्हाला लागत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र एक वेगळी मांडणी आहे, आणि ती तिथे अगदी यादीसारखी येते, म्हणून कीर्तनात रंगत नाही. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. पुढे म्हटलंय की असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला दिसत नाही. नास्तिकाला किंवा पाप्याला उद्देशून हे नाही. जो स्वतःला एकटा कर्ता मानतो, त्याच्या डोळ्यांत दोष आहे, इतकंच. आणि आचार्य तिथे दैवचा अर्थ नशीब असा करत नाहीत. इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा करतात, डोळ्याला जसा सूर्य. उजेड नसेल तर डोळा निरोगी असून काय पाहणार? त्याच परंपरेत त्वचेची देवता वायू मानली आहे. त्वचेला सगळे स्पर्श करून देणारा तो, आणि विमानात आक्काच्या तळहाताला नेमका त्याचाच पत्ता लागेना.

मला पाच कारणांची ही यादी वैमानिकाच्या हिशेबासारखी वाटते. धावपट्टी, वैमानिक, यंत्रं, त्यांची हालचाल, आणि वारा. विमानतळावर बदली झाल्यावर मी तो हिशेब रोज पाहिला. त्या काळी वैमानिक उड्डाणाआधी हवामान कार्यालयात येऊन आमच्याकडून वाऱ्याचे नकाशे घेत. वाटेत वारा कसा आहे त्यावर किती इंधन भरायचं ते ठरे. चांगल्यातला चांगला वैमानिकही टेबलाशी वाकून त्या पाचव्या गोष्टीची विचारपूस करी. आपल्या कौशल्याचा त्यात अपमान आहे असं त्यांच्यापैकी कोणाला वाटलेलं मी पाहिलं नाही.

हल्ली फोनवर सकाळी सुविचार येतात. त्यात एक विमान असतं, आणि खाली लिहिलेलं असतं की विमान वाऱ्याच्या विरुद्धच उडतं, म्हणून संकटांना घाबरू नका. खाली एखाद्या उद्योगपतीचं नाव. मला हे अर्धसत्य फार टोचतं. उडताना आणि उतरताना समोरचा वारा हवा असतो हे खरं. पंखांना हवेतला वेग लागतो. समजा दीडशे नॉट झाल्याशिवाय विमान उचलत नाही, आणि समोरून वीस नॉटचा वारा आहे, तर जमिनीवर एकशेतीस झाले तरी पुरतात. धाव सुमारे पाऊणपट होते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पूर्व टोकाला २७ आकडा आहे, म्हणजे २७० अंश, पश्चिम. खारा वारा समुद्रावरून येतो, म्हणून बहुतेक दिवस विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि समुद्राच्या अंगाला उडतात. घाटकोपरच्या लोकांना विमानांची पोटं पाठ असतात ती यामुळे. पण हाच समोरचा वारा वर गेल्यावर इंधन खातो, वेळ खातो. सुविचारवाले धावपट्टीवरची दोन मिनिटं सांगतात आणि पुढचे चार तास गाळतात. दुःख उपकारकच असतं असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी विमानाची साक्ष काढू नये.

उलट टोकाची माणसंही आहेत. एका जूनमध्ये आमचं विमान मुंबईत उतरता उतरता पुन्हा वर गेलं. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून भीमरूपी म्हणायला लागले. वाऱ्याने हैराण केलं तर वाऱ्याच्या मुलाला हाक मारायची; घरच्या माणसाकडून वशिला लावण्यासारखंच ते. मला हसू आलं आणि मग मीही म्हणायला लागलो, हे कबूल केलं पाहिजे. विमान दुसऱ्या फेरीत उतरलं. पण नंतर मनात आलं, वारा वळावा अशी प्रार्थना करायची तरी कोणी? हिवाळ्यात दिल्लीहून कोलकात्याला निघालेल्या बाईला जो वारा पाठीशी, तोच कोलकात्याहून दिल्लीला निघालेल्या बाईच्या तोंडावर. दोघींनी एकाच मारुतीला नारळ बोलला असेल तर त्याने काय करावं?

ब्रह्मसूत्रात हा प्रश्न येऊन गेलाय. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पूर्वपक्ष म्हणतो की जगात कोणी सुखी कोणी दुःखी, तेव्हा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. तिथले शब्द वैषम्य आणि नैर्घृण्य. आचार्यांचं उत्तर पावसाचं आहे. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो. भात भात होतो आणि जव जव, ते बियांमुळे. मी आचार्यांना पावसाऐवजी वारा सुचवला असता. वारा अमक्याच्या विरुद्ध वाहत नाही. तो वाहतो, आणि तुम्ही कोणीकडे निघालात त्यावर तो अनुकूल की प्रतिकूल ते ठरतं.

जपानमधल्या एका वेधशाळाप्रमुखाची गोष्ट मला या संदर्भात आठवते. वासाबुरो ओइशी. तातेनोच्या वेधशाळेत हे गृहस्थ १९२० च्या दशकात आमच्यासारखेच फुगे सोडत आणि त्यांना वर पश्चिमेचा प्रचंड वेगाचा प्रवाह सापडला. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ साली तो एस्पेरांतो भाषेत छापला. जगाने वाचला नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर उंचावरून गेली तेव्हा त्या प्रवाहाने त्यांचे बॉम्ब भलतीकडे पडू लागले. त्याच हिवाळ्यात जपानने त्याच प्रवाहावर कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून नऊ हजारांहून अधिक फुगे पॅसिफिकपार सोडले. त्यातल्या एकाने ५ मे १९४५ रोजी ओरेगॉनच्या जंगलात सहलीला आलेली पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची एक गरोदर बाई मारली. वाऱ्याने एका शहराला काही आठवडे वाचवलं म्हणावं, की त्या मुलांना मारलं म्हणावं? फुगा सोडणारे हात माणसांचे होते. मी फुगे सोडलेत, म्हणून हे मला जरा जास्त लागतं.

आपल्याकडेही एकाच आभाळात दोन मजले असतात. आषाढात खाली नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन येतो, आणि त्याच वेळी चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा जोरदार प्रवाह उलट्या दिशेने जात असतो. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्यावर निबंध लिहिला. आमच्या खात्यात ते नाव आदराने घेतलं जाई.

वारा कळतो कधी? बदलतो तेव्हा. वादळी ढगाखाली कधी कधी हवा खांबासारखी खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. १९७५ साली न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडलं, त्याचा अभ्यास करताना तेत्सुया फुजिता यांना हे उमगलं. त्यांनी तरुणपणी नागासाकीत बॉम्बने मध्यापासून बाहेर कशी पडझड झाली ते पाहिलं होतं, आणि तशीच चांदणी त्यांना वादळाने आडव्या झालेल्या झाडांत दिसली होती. अशा जागी उतरणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा वाढल्यासारखा लागतो, ते आपोआप वर उचलतं. वैमानिकाला वाटतं छान चाललंय, तो इंजिन कमी करतो. मग खाली दाबणारी हवा, आणि लगेच मागून वारा. पंखांखालचा वेग नाहीसा होतो. धोक्याची पहिली खूण म्हणजे फुकटचा आधार. हे वाचल्यापासून सगळं फार सुरळीत चाललं की मी जरा अस्वस्थ होतो, आणि बायकोला हा माझा किरकिरेपणा वाटतो.

हे सगळं मला अनेक वर्षं ठाऊक होतं. आक्काच्या बाबतीत ते लावून पाहायला मात्र विमानातलं ते वाक्य लागलं.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सातवीच्या फायनलला गणितात तिला जे मार्क होते ते मला कधीच पडले नाहीत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तिची पाठ. वाण्याची वही ती उभ्या उभ्या तपासायची. हायस्कूल तालुक्याला, सात मैल. आई आजारी होती, घरात कोणीतरी हवं होतं. तिची शाळा थांबली. पाच वर्षांनी माझी वेळ आली तेव्हा आई आजारीच होती आणि हायस्कूल तितकंच लांब होतं. मला आत्याकडे ठेवलं. कुळागरातल्या दोन वर्षांच्या सुपारीचे पैसे माझ्या फीला गेले. सुट्टीत आक्काच मला अपूर्णांक शिकवायची, चुलीपुढे, पळीने राखेत आकडे काढून. तिच्याबद्दल गाव म्हणायचं, नशिबात नव्हतं हो पोरीच्या. माझ्याबद्दल म्हणायचं, पोरगा हुशार निघाला.

तिच्या वेळी पाचवं कारण आणि माझ्या वेळी दुसरं. एकाच घरात, एकाच हवेत.

माझ्या पाठीशी वारा होता आणि मी तो इंजिनात धरला, ही चूक सरळ आहे. कोणीही करेल, कारण आतून तो लागतच नाही. दुसरी चूक मला जास्त बोचते. आक्काला अडवलं ते वाऱ्याने नव्हतंच. तिचं नाक आम्ही वळवलं होतं: अण्णांनी, आत्याने, गावाने, आणि न बोलता त्याचा फायदा घेणाऱ्या मी. सुकाणू माणसांच्या हातात होतं आणि वहीत नोंद मात्र वाऱ्याच्या नावावर झाली. आचार्यांच्या पावसाच्या दृष्टान्ताशी इथे माझा मेळ बसत नाही. पाऊस निःपक्षपाती, मान्य. फरक बियांचा, तेही मान्य करीन. पण भाताचं बी कोणी सावलीत नेऊन पेरलं, आणि मग उगवलं नाही म्हणून त्याच्या पूर्वकर्माकडे बोट दाखवलं, तर त्याला काय म्हणायचं? अण्णा असते तर त्यांना विचारलं असतं. ते असताना मला हे सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी विचारलं असतं की नाही, सांगवत नाही.

विमान खाली यायला लागलं तसे थोडे धक्के बसले. आक्काने माझं मनगट धरलं. तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी म्हटलं, "तुला एक गणित घालतो. हजार मैल जायचंय. विमान ताशी पाचशे मैल जातं. जाताना शंभराचा वारा पाठीशी, येताना तोच शंभराचा तोंडावर. जाऊन येऊन किती वेळ?"

हे गणित मी प्रशिक्षणार्थींना घालत असे. निम्म्याहून अधिक मुलं चार तास सांगत. वारा जाताना देतो तेवढंच येताना घेतो, फिटंफाट.

आक्काचे ओठ हलले. बोटांची पेरं मोजायला तिने माझं मनगट सोडलं.

"जाताना सहाशेने, एक तास चाळीस मिनिटं. येताना चारशेने, अडीच तास. चार तास दहा मिनिटं." मग थोडं थांबून म्हणाली, "दहा मिनिटं जास्त का आली माहितेय? चांगल्या वाऱ्यात माणूस शंभर मिनिटंच राहतो. वाईटात दीडशे."

मी मान हलवली. खाली घाटकोपरचे दिवे लागलेले दिसत होते.

"सोपं होतं रे," आक्का म्हणाली. "अवघडसं घाल एखादं."

अवघड होतं ते तिरक्या वाऱ्याचं. त्याला साइन लागतो, आणि तो हायस्कुलात असतो. मी समोरच्या खिशातली उलटीसाठी ठेवलेली कागदी पिशवी काढली, गुडघ्यावर सपाट केली, आणि तिच्यावर त्रिकोण काढायला घेतला.